आईच्या साड्या कुरिअरने कोण पाठवेल?

ठाणे पूर्वेला कोपरीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 48. घराच्या पुढच्या खोलीत त्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात. लॉकडाउनमध्ये सासूबाईंच्या साड्यांची पहिली गोधडी केली, ती पाहून नणंदेने सांगितली, मग शेजारणीने. आता आजूबाजूच्या चौघीजणी त्यांच्याकडे शिवायला येतात. एका बाईला एका गोधडीला आठ-नऊ दिवस लागतात, म्हणजे चौघींच्या मिळून महिन्याला फार तर 14 होतात. काम मात्र नऊचंच येतं. सिंगल गोधडीची शिलाई 3,200 रुपये. शिवणारीची मजुरी, अस्तर, दोरा जाऊन त्यांच्या हाती साधारण 1,300 उरतात.

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला भाच्याने हौसेने वेबसाइट करून दिली. तिथे दिवसाला बारा-एक जण येतात, आणि चौदा महिन्यांत साइटवरून आलेल्या ऑर्डरी आहेत सहा. एका प्रदर्शनात भेटलेल्या एजन्सीने महिन्याला 18,000 रुपये आणि सहा महिन्यांचा करार सांगितला आहे, ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणू, गॅरंटी’ म्हणून. दुसऱ्या एकाने फोनवर 3,500 रुपयांत दहा हजार व्हिजिटर देतो म्हटलं. यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ठेवीला हात लावू नये असं त्यांचं मत. मुलगा म्हणतो साइट बंद कर, इन्स्टाग्राम पुरे. त्या विचारतात, मुदत ठेव मोडून एजन्सी लावावी की साइट बंद करावी? पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे: ‘चौघींना महिनाभर पुरेल एवढं काम देता येत नाही, याचं वाईट वाटतं.’

ताई,

तुमच्या पत्रातला खरा प्रश्न मला त्या शेवटच्या ओळीत दिसला. बाकीचं पत्र व्हिजिटरांबद्दल आहे, ती ओळ कामाबद्दल आहे. चौदा गोधड्या होऊ शकतात, नऊ होतात. तुम्हाला महिन्याला पाच गोधड्यांचं काम जास्त हवंय. पाचच. हा आकडा एका कागदावर मोठा लिहून शिलाईच्या खोलीत लावा, कारण ‘दहा हजार व्हिजिटर’ असं कुणी फोनवर म्हणालं की तो नजरेआड होतो.

आता एजन्सीचा हिशेब मांडू. 18,000 गुणिले सहा, म्हणजे 1,08,000 रुपये. एका गोधडीमागे तुमच्या हाती 1,300 येतात. नुसता हा खर्च भरून काढायला सुमारे 83 जादा गोधड्या लागतील. तुमची सगळी ताकद लावली तरी सहा महिन्यांत 84 होतात, आणि त्यातल्या 54 तर आजही होतातच. उरल्या तीस. त्या तीसही एजन्सीमुळे आल्या असं धरलं तरी 39,000 मिळतील आणि 69,000 ठेवीतून जातील. एजन्सी प्रामाणिक असली, दिलेला शब्द तिने पाळला, तरीही हा व्यवहार तुमच्या धंद्याच्या मापाचा नाही. तेव्हा ठेव मोडू नका. यजमानांचं म्हणणं भीतीपोटी असेल असं तुम्हाला वाटलंय. हिशेबाने ते बरोबरच आहे.

‘गॅरंटी’बद्दलही सांगायला हवं, कारण हे पत्र अनेक जण वाचतील. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतः आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलंय. मग ती दिली कशी जाते? पहिलं पान कोणत्या शब्दासाठी, हे करारात मोघम ठेवलं जातं. तुमच्या ब्रँडचं नाव टाइप केलं तर तुमची साइट बहुधा आजही पहिल्या पानावर असेल, कारण ते नाव दुसऱ्या कुणाचं नाही. किंवा पाच-सहा शब्दांचं असं वाक्य निवडतात की ते कुणी शोधतच नाही, म्हणून त्यासाठी स्पर्धाही नसते. सहा महिन्यांनी पडद्याचा फोटो काढून दाखवतात, आणि शब्द पाळला गेला असं कागदावर सिद्ध होतं.

3,500 रुपयांतले दहा हजार व्हिजिटर तर माणसंच नसतात. संगणकावर चालणारे प्रोग्राम तुमचं पान उघडतात आणि लगेच बंद करतात. त्यांना ना आई असते ना आईच्या साड्या. आकडा वाढलेला दिसतो आणि खरी माणसं किती आली हे कळायची सोयही त्या गर्दीत बुडते. तो फोन पुन्हा आला तर नको म्हणून ठेवून द्या.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या भावाचं फोटो फ्रेमिंगचं दुकान होतं. त्याच्या साइटसाठी आम्ही एका माणसाला सतरा हजार रुपये दिले. दुसऱ्या साइटवर आपली लिंक असली की गूगल ती शिफारशीसारखी धरतं, म्हणून त्याने शेकडो भलत्यासलत्या साइटांवर आमच्या साइटची लिंक टाकून घेतली. दोन महिने आकडा चढला, भाऊ खूश होता. मग एके दिवशी साइट शोधात सापडेनाशी झाली. विकत घेतलेल्या लिंक हे गूगलच्या नियमांत फसवणुकीत मोडतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुन्हा दिसायला वर्ष गेलं. त्या वर्षात भावाने जी गिऱ्हाइकं गमावली ती परत आलीच नाहीत. म्हणून या विषयावर लिहिताना माझा सूर जरा तीव्र होतो, तो समजून घ्या.

आता दुसरी समजूत तपासू या. ‘साइटवर कुणी येत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. दिवसाला बारा म्हणजे चौदा महिन्यांत पाच हजारांवर भेटी झाल्या. त्यातल्या बऱ्याच तुमच्या, भाच्याच्या, मुलाच्या, काही यंत्रांच्या असतील. निम्म्याहून जास्त वजा करा. दोन हजार धरा. दोन हजार माणसं दारात येऊन गेली आणि सहा जणांनी काम दिलं. दार सापडत नाही ही अडचण असेलही, पण दारात आलेलं माणूस मागे का फिरतं, हे आधी पाहायला हवं. नाहीतर आणखी माणसं बोलावून आणखी माणसं परत पाठवाल.

तुम्ही पत्ता दिला होता म्हणून मी साइट फोनवर उघडली. रात्रीची वेळ होती, नेट बरं होतं, तरी पहिलं पान पूर्ण दिसायला मला बराच वेळ थांबावं लागलं. वर सरकणारे सहा मोठे फोटो आहेत. ते कॅमेऱ्यातून निघाले तसेच चढवलेले दिसतात. त्याखाली ‘आपले सहर्ष स्वागत आहे’. मग परंपरेबद्दल दोन परिच्छेद. शिलाईचा दर कुठेच नाही. किती साड्या लागतात, किती दिवस लागतात, नाही. फोन नंबर सगळ्यात खाली, तोही चित्रात, म्हणजे बोट लावून फोन लागत नाही. भाच्याला यातलं काही बोलू नका. त्याने प्रेमाने आणि फुकट केलंय, आणि पाया चांगला आहे. फक्त ती साइट तुमच्या नजरेतून झाली आहे. साड्यांची पिशवी घेऊन विचारात पडलेल्या बाईच्या नजरेतून ती अजून व्हायची आहे.

त्या बाईचा विचार करा. पुण्यात किंवा नाशिकला किंवा इथेच घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पंधराव्या मजल्यावर ती राहते. आई जाऊन वर्ष झालंय. कपाटात आईच्या सात-आठ सुती साड्या आहेत. नेसवत नाहीत, देऊन टाकवत नाहीत. एका रात्री ती फोनवर टाइप करते. तिला तुमचं पान सापडतं. तुमचे टाके सुरेख आहेत हे तिला दिसतं. पण तिच्या मनात शिलाईबद्दल शंका नाहीच मुळी. ती विचार करते, या साड्या मी अनोळखी माणसाच्या हाती कशा देऊ? हरवल्या तर? कात्री लावल्यावर मला आवडलं नाही तर? उरलेले तुकडे फेकून देतील का? जरीचा काठ परत मागितला तर चालेल? या प्रश्नांना साइटवर उत्तर नाही, म्हणून ती पान बंद करते आणि साड्या पुन्हा कपाटात ठेवते. तुमच्या आकड्यात ती ‘एक व्हिजिट’ म्हणून नोंदली जाते.

तुमच्या धंद्याचं सगळं मर्म इथे आहे. चादर विकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. त्याचं गिऱ्हाईक पैसे देतं, माल घेतं. तुमचं गिऱ्हाईक आधी स्वतःची परत न मिळणारी वस्तू देतं. तेव्हा साइटवर पहिलं काम विश्वासाचं. साड्या आल्या की तुम्ही काय करता ते क्रमाने लिहा. पिशवी उघडताना फोटो काढून पाठवता का? कोणती साडी वर, कोणती आत भरावाला, हे विचारता का? विरलेला भाग कुठे वापरता? सिंथेटिक साडी चालते की फक्त सुती? सहावारी किती लागतात आणि नऊवारी असेल तर किती? धुवायची कशी? हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे, रोज फोनवर सांगताच. तेच शब्द तसेच कागदावर उतरवा. भाच्याला म्हणावं, सजवू नकोस, नुसतं टाक.

चौघींपैकी ज्यांची हरकत नसेल त्यांचे शिवतानाचे फोटो लावा. चेहरा नको म्हणाल्या तर हात चालतील. कोण शिवतं हे दिसलं की अर्धी भीती जाते. आणि दर लिहा. ‘दरासाठी संपर्क करा’ हे वाक्य मला मनापासून नावडतं. विचारायला संकोच वाटणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि दर न दिसल्यावर ती महागच असेल असं धरून निघून जातात. सिंगल 3,200, डबलचा दर, बाळाच्या छोट्या गोधडीचा दर, साड्या नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, आगाऊ किती. सगळं उघड असू द्या.

आता दार सापडण्याबद्दल. ज्यांना गोधडी हवीच आहे त्यांना तुम्ही सापडता का, एवढंच पाहायचं.

सगळ्यात आधी गूगलला तुमची साइट माहीत आहे का ते बघा. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत साइट हा शब्द, त्यापुढे दोन टिंबं, आणि जागा न सोडता तुमच्या साइटचा पत्ता टाका. तुमची पानं यादीत आली तर ठीक. एकही आलं नाही, तर भाच्याला वर्डप्रेसच्या, म्हणजे साइट ज्या साधनावर बांधली आहे त्याच्या, सेटिंगमध्ये ‘रीडिंग’चं पान उघडायला सांगा. साइट तयार होत असताना ती शोधात दिसू नये म्हणून तिथे एक खूण करायची सोय असते, आणि साइट सुरू झाल्यावर ती खूण काढायची राहून जाते. असं झालेलं मी स्वतः तीनदा पाहिलंय. एवढ्याशा खुणेमुळे माणसं वर्षभर स्वतःला दोष देत बसतात.

मग गूगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या. फुकट आहे. लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले तेव्हा तुमचं पान दिसलं, आणि किती जणांनी त्यावर बोट लावलं, हे त्यात दिसतं. मागच्या 16 महिन्यांचा हिशेब तिथे मिळतो, पण जोडल्या दिवसापासूनचा, म्हणून हे आजच करा. तुम्हाला नवल वाटेल असे शब्द तिथे सापडतील. तुमच्या साइटवर सगळीकडे ‘पारंपरिक हस्तनिर्मित क्विल्ट’ असं लिहिलंय. ते कोण शोधणार? माणसं ‘गोधडी’ टाकतात, मराठवाड्याकडची ‘वाकळ’ टाकतील, बरीच जण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात, कुणी ‘जुन्या साड्यांचं काय करावं’ एवढंच विचारतं. ‘आईच्या साडीची गोधडी शिवून मिळेल का’ हे कुणीतरी अक्षरशः असंच बोलून शोधत असेल. ते शब्द तुमच्या पानाच्या मथळ्यात आणि मजकुरात असायला हवेत. आज तुमच्या पहिल्या पानाचं नाव नुसतं ‘होम’ आहे. ते ‘जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल, ठाणे’ असं करा. पानाच्या आत छुपे कीवर्ड भरून देतो असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका; त्या छुप्या यादीकडे गूगल बघत नाही, आणि हे त्यांनी 2009 मध्येच जाहीर केलंय.

एकाच लांबलचक पानाऐवजी विषयवार पानं करा. बाळाच्या गोधडीचं वेगळं, कारण बारशाची भेट शोधणारी मावशी आणि आईच्या साड्यांची मुलगी ही दोन वेगळी माणसं आहेत. किती साड्या लागतात याचं वेगळं. आणि एक पान मला फार आवडेल: आपली गोधडी, बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातली कौदी. जुनी वस्त्रं एकावर एक ठेवून धावदोऱ्याने जोडायची, हे मूळ सगळीकडे एकच. मांडणी आणि टाका मात्र प्रदेशागणिक बदलतो. तुमच्या हाताखालून इतक्या गोधड्या गेल्यात, तो फरक तुम्ही फोटोंनिशी दाखवू शकाल. असं पान लोक आपणहून एकमेकांना पाठवतात आणि आपल्या लिखाणात त्याची लिंक देतात. विकत न घेतलेली लिंक ती हीच.

फोटो हलके करा. पाच एमबीचा फोटो दोन-तीनशे केबीत बसतो आणि फोनवर फरक कळतही नाही. गूगल आता साइटचं मोबाइलवरचं रूपच तपासतं, तेव्हा भाच्याला लॅपटॉपवर साइट दाखवू देऊ नका. साध्या फोनवर, घराबाहेर उभं राहून उघडायला सांगा. फोन नंबर वर आणा, बोट लावलं की लागेल असा, शेजारी व्हॉट्सअॅपचं बटण.

यानंतर गूगल बिझनेस प्रोफाइल. नकाशावर जे दुकानांचे चौकोन दिसतात ते. तेही फुकट. ज्यांच्याकडे गिऱ्हाईक प्रत्यक्ष येतं किंवा जे गिऱ्हाइकाकडे जातात अशा धंद्यांसाठी ते असतं, आणि तुमच्याकडे बायका पिशव्या घेऊन येतातच. घरचा पत्ता सगळ्यांना दिसायला नको असेल आणि साड्या तुम्हीच जाऊन आणणार असाल, तर पत्ता झाकून फक्त परिसर दाखवता येतो: ठाणे, कळवा, मुलुंड, ऐरोली. खातरजमेसाठी बहुतेक वेळा जागेचा, कामाचा व्हिडिओ मागतात. त्यासाठी पैसे मागणारा फोन आला तर तो गूगलचा नाही.

मग जुन्या गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायची विनंती करा. त्याच्या बदल्यात सवलत देऊ नका, ते नियमात बसत नाही आणि वाचणाऱ्यालाही वास येतो. नुसतं म्हणा, ‘साड्या देताना तुमच्या मनात काय होतं आणि गोधडी हातात आल्यावर काय वाटलं, तेवढं लिहा.’ अशा पंधरा अभिप्रायांनी जे होईल ते एक लाख आठ हजारांनी होणार नाही, असं मला खरोखर वाटतं.

मुलगा इन्स्टाग्राम म्हणतो त्यात तथ्य आहे. शिवतानाचे व्हिडिओ तिथे माणसं बघत बसतात. पण इन्स्टाग्राम म्हणजे जत्रेतला पाल. गर्दी असते, आज आहे उद्या नाही, आणि जागा आपली नसते. तिथे पाहिलेलं माणूस दर, दिवस, नियम शोधायला घरीच येणार, म्हणजे साइटवर. पोस्टखालच्या मजकुरात टाकलेल्या पत्त्यावर बोट लावून साइट उघडत नाही, म्हणून तो प्रोफाइलमध्ये वर ठेवा. साइट बंद करू नका. तिचा वर्षाचा खर्च तुम्ही कळवलाय, तो दोन गोधड्यांत निघतो.

एक काम मात्र याच आठवड्यात करा, गोडीने. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आणि कोणत्या ईमेलवर आहे ते भाच्याला विचारा. बहुधा त्याच्याच असेल. तो उद्या परगावी गेला, ईमेल बदलला, नूतनीकरणाची आठवण त्या जुन्या पत्त्यावर गेली, की नाव हातचं जातं. ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणून घ्या. नात्यात हिशेब स्पष्ट असला की नातं टिकतं, आणि तुमचा भाचा हे समजून घेईल असं त्याच्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून वाटतं.

जाहिरात करूच नये असं मी म्हणत नाही. पण आधी घर आवरा, मग पाहुणे बोलवा. आत्ता पावसाळा तोंडावर आहे. साड्या धुऊन वाळत नाहीत, काम मंदावतं, असं तुम्हीच लिहिलंय. हे तीन-चार महिने साइटला द्या. शोधातला बदल दिसायला तसाही वेळ लागतो. चार महिने ते वर्ष, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलंय. आता लिहिलेलं पान थंडीत फळ देईल. दिवाळीनंतर, गारवा सुरू झाला की, गूगलवर दिवसाला 150 रुपये अशी वीस दिवसांची जाहिरात लावून बघा. एकूण 3,000. नकाशावर ठाण्याभोवती वर्तुळ आखून तेवढ्याच भागात ती दाखवता येते. ‘गोधडी कशी शिवायची’, ‘क्लास’, ‘फुकट’ असे शब्द टाकणाऱ्यांना ती दिसू नये अशीही सोय आहे. ती वापरलीच पाहिजे, नाहीतर शिकायला आलेल्यांच्या क्लिकचे पैसे तुम्ही भराल. वीस दिवसांत तीन ऑर्डरी आल्या तर 3,900 हाती आले, खर्च निघाला. एकही आली नाही तर थांबा, तीन हजारांत कळलं. आणि जाहिरात दिल्याने साध्या शोधात तुमचा नंबर वर जाईल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही; त्या दोन गोष्टींचा संबंध नसतो.

हे सगळं करताना एक वही ठेवा. फोन आला की विचारायचं, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ आणि लिहायचं. तुमच्या नऊपैकी बहुतेक कामं तोंडी सांगण्यावरून येतात, आणि साइटचा सगळ्यात मोठा उपयोग त्यांनाच आहे असं मला वाटतं. नणंद कुणाला तरी सांगते, ती बाई घरी जाऊन नाव शोधते, मग फोन करते. तेव्हा सांगणाऱ्याच्या हाती काहीतरी द्या. प्रत्येक गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात बोटभर सुती पट्टी शिवा. त्यावर साइटचा पत्ता छापलेला. गोधडी वीस वर्षं घरात राहते, पाहुण्यांच्या अंगावर जाते. इतकी टिकणारी जाहिरात दुसऱ्या कुठल्या धंद्याला मिळते? मी तुमच्या जागी असते तर एजन्सीच्या पहिल्या महिन्याच्या पैशांऐवजी ही पट्टी आधी छापून घेतली असती.

एजन्सीला तुम्ही कळवा, आत्ता जमणार नाही. सगळ्याच एजन्स्या लबाड असतात असं नाही. कष्टाने काम करणारी माणसं त्यातही आहेत. उद्या दहा-बारा जणी शिवायला लागल्या, महिन्याला चाळीस गोधड्या होऊ लागल्या, तर कुणाची मदत घ्यायला हरकत नाही. तेव्हा विचारायचं: कोणते शब्द, ते खरंच किती जण शोधतात, खाती कोणाच्या नावावर राहतील, काम थांबवलं तर मी लिहून घेतलेली पानं माझी राहतील ना, आणि महिन्याचा अहवाल व्हिजिटरांचा देणार की फोन-ऑर्डरींचा. सध्या भाच्याला वेळ नसेल तर साइट दुरुस्त करायला एखाद्या जाणत्या माणसाला एकदाच ठरलेली रक्कम द्या. महिनेवारी नको.

वेगळ्या धंद्यातल्या वाचकांसाठीही थोडं. ऐरोलीत घरगुती डबे देणाऱ्या, घोडबंदरला घरोघरी जाऊन मिक्सर दुरुस्त करणाऱ्या माणसाला नकाशावरची नोंद आणि अभिप्राय आधी, साइट नंतर. त्याचं गिऱ्हाईक तीन-चार किलोमीटरच्या आतलंच आहे, आणि ते घाईत असतं. ताईंसारखं ज्यांचं काम दूरवर जाऊ शकतं, ज्यांना समजावून सांगावं लागतं, त्यांना साइट हवीच. पण दोघांनीही आधी ‘माझ्याकडून महिन्याला जास्तीत जास्त किती काम होईल’ हा आकडा काढावा, मग जाहिरातीवाल्याशी बोलावं.

ताई, तुमच्या पत्रात नाशिकच्या एका बाईंचा उल्लेख ओझरता येऊन गेलाय. साइटवरून आलेल्या सहा ऑर्डरींतली ती पहिली. त्यांनी साड्या पाठवण्याआधी तीनदा फोन करून एकच विचारलं होतं, ‘आईच्या इरकलीचा काठ कापला तर तो मला परत द्याल ना?’ आणि तुम्ही तो काठ घडी करून, वेगळ्या पाकिटात घालून पाठवलात. हे साइटवर कुठेच नाही. आज रात्री भाच्याला फोन करा आणि पहिल्या पानावरचं ‘आपले सहर्ष स्वागत आहे’ काढून तिथे एवढंच टाकायला सांगा: ‘साड्यांचे काठ आणि उरलेला प्रत्येक तुकडा आम्ही परत देतो.’ त्याखाली तुमचा फोन नंबर.